दुसरं रक्त

अण्णांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि हात जबड्याकडं नेला. "दाढ ठणकतीय," एवढंच म्हणाले. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सोलापुरात त्या दिवसांत रात्री साडेआठलाही भिंत हाताला गरम लागते, त्यामुळं त्यांच्या कपाळावरच्या घामाकडं मी आधी लक्षच दिलं नाही. पंखा वाढवला, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मग त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि भिंतीला टेकले. अण्णा, माझे वडील, जेवताना कधी टेकत नाहीत. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात मागांच्या मधल्या बोळात उभं राहून जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करायचं, काम केलेला माणूस. एकाहत्तराव्या वर्षीही बसतो तो ताठ.

त्यांना पंधरा वर्षांपासून साखर आहे. साखरेच्या माणसाला हृदयाचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. जबडा दुखतो, खांदा भरून येतो, कधी नुसतं मळमळतं, घाम फुटतो. हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एकदा सांगून ठेवलं होतं. तेव्हा मी मान हलवली होती. त्या रात्री ते वाक्य शब्दाशब्दानं आठवलं आणि माझे हात गार पडले.

शेजारच्यांची रिक्षा दारातच होती. १०८ ला फोन करायचं सुचलंच नाही. करायला हवा होता, कारण रिक्षात ना ऑक्सिजन असतो ना वाटेत काही झालं तर बघणारं कुणी. पण घाबरलेला माणूस जे समोर दिसतं ते धरतो. अक्कलकोट रोडवरून शहरात येईपर्यंत अण्णा माझ्या खांद्यावर डोकं टेकून गप्प होते आणि मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत होते. मोजून काय करणार होते, कोण जाणे.

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. सरकारी की खासगी, तेही नाही. दोन्हीकडं बसून आलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांनी सांगितलेलं आणि मी पाहिलेलं यात फारसा फरक नाही.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. कॅज्युअल्टीच्या दारात उतरल्या उतरल्या एका मामांनी व्हीलचेअर आणली. सिस्टरनी "काय होतंय?" विचारलं. मी "जबडा आणि घाम, साखर आहे" म्हणताच त्यांनी पुढचं काही न विचारता अण्णांना आत घेतलं आणि पाच-सात मिनिटांत ईसीजी निघाला. छातीच्या तक्रारीला आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा वैद्यकातला नियम आहे, तो तिथं पाळला गेला. एका तरुण डॉक्टरांनी पट्टी उजेडाकडं धरून पाहिली, एक गोळी चावायला दिली, हातात सुई बसवली, रक्त घेतलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ दारावरच होतं. उपचारात कुठं ढिलाई झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आज सगळं कळल्यावर तर मुळीच वाटत नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "थांबा." आणि पुढच्या खाटेकडं गेले.

साडेनऊला एक अपघाताचा रुग्ण आला, खाट लागणार होती, म्हणून अण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "थांबा हं काका." पावणेदहाला मी खिडकीशी जाऊन विचारलं, रिपोर्ट आला का? "थांबा, सांगतो." सव्वादहाला विचारलं. "थांबायला सांगितलंय ना मॅडम?" साडेदहाला एक डॉक्टर बाहेर आले म्हणून मी उठून उभी राहिले, ते फोनवर बोलत निघून गेले. कशासाठी थांबायचं, कुणासाठी, किती वेळ, यातलं एकही कुणी सांगितलं नाही. आजार लपवतायत की काही झालंच नाही म्हणून विसरलेत, यातलं काय खरं मानावं ते कळेना. दर दहा मिनिटांनी माझं मन एकदा इकडं आणि एकदा तिकडं जात होतं. पुण्याच्या भावाचा फोन आला की त्याला सांगायला माझ्याकडं एकच शब्द होता, आणि तो ऐकून तो माझ्यावरच चिडत होता.

त्या बाकावरून दिसणाऱ्या भिंतीवर तीन फलक होते. एकावर 'रुग्णासोबत एकच नातेवाईक'. दुसऱ्यावर चप्पल-बूट कुठं काढायचे ते. तिसरा सगळ्यांत मोठा, लाल अक्षरांत: डॉक्टर व कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्रानं २०१० साली केलेला कायदा तो. कायदा हवाच, रात्री-अपरात्री काम करणाऱ्या पोरापोरींवर हात उगारणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण बापाला घेऊन आलेल्या माणसाशी त्या भिंतीनं बोललेलं सगळ्यांत ठळक वाक्य ते होतं. चौथा फलक मला दुसऱ्या दिवशी औषधाच्या खिडकीशेजारी दिसला, बारीक अक्षरांतला. रुग्ण हक्कांची सनद. त्यातला पहिलाच हक्क माहिती मिळण्याचा.

अण्णांच्या शेजारी एक म्हातारी बाई बसलेल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. श्वास घेताना गळ्याखालची खोबण आत ओढली जायची. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला कात्रीचे घट्टे पडलेले आणि पदराला तंबाखूचा वास. सोलापुरात राहणाऱ्याला हे हात सांगावे लागत नाहीत. सकाळपासून सूप मांडीवर घेऊन विड्यांसाठी तेंदूची पानं कापणाऱ्या, हजार विड्यांची हजारी भरेपर्यंत मान वर न करणाऱ्या बायकांचे हात ते. त्यांचा मुलगा केसपेपर काढायला गेला होता आणि एकच नातेवाईक म्हटल्यावर दारावरच्या माणसानं त्याला परत आत सोडला नव्हता बहुतेक.

एक सिस्टर वहीत लिहीत त्यांना विचारायला आल्या. नवीन असाव्यात, बोलण्यावरून विदर्भाकडच्या वाटल्या.

"आजी, दम कधीपासून लागतोय? कालपासून का?"

"हं."

"बीपी आहे का?"

"हं."

"घरी पंप घेता का?"

"हं हं."

"कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"हं."

सिस्टरचं पेन थबकलं. अण्णा इतका वेळ डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "सिस्टर, तिला कळंना तुमचं. ती तेलुगू आहे." आणि वळून तिला विचारलं, "अम्मा, एमैंदी?"

काय झालं अम्मा, एवढाच अर्थ. त्या बाईंचा चेहरा ज्या रीतीनं बदलला तो मी विसरणार नाही. दम लागत असतानाही त्या बोलायला लागल्या, थांबत थांबत, एकेका श्वासाला दोन-दोन शब्द. अण्णांचं तेलुगू मागाच्या खात्यातलं, विणकरांच्या संगतीत शिकलेलं, व्याकरणाला धरून मुळीच नाही, पण पुरेसं. ते ऐकत होते आणि सिस्टरना सांगत होते. दम कालपासून नव्हता, आठ दिवसांपासून होता. पंप होता, पण संपून महिना झाला होता. बीपीचं कुणी कधी बघितलंच नव्हतं. ॲलर्जीचं विचारल्यावर त्यांनी बरंच आठवून सांगितलं की मागं एकदा एक इंजेक्शन दिल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या. वहीत चार वेळा 'हो' लिहिलं गेलं होतं, त्यातली निदान दोन चुकीची होती.

सिस्टरनी सगळं खोडून पुन्हा लिहिलं. जाताना अण्णांना "थँक्यू काका" म्हणाल्या, मनापासून.

या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एका गल्लीत ऐकू येतात. कॅज्युअल्टीला तर धाराशिवपासून कर्नाटकातल्या इंडी, अफजलपूरपर्यंतची माणसं येतात. आणि येणाऱ्याची भाषा कुठली हे केसपेपरवर लिहायला साधा रकानाही नसतो. अशा वेळी भय्या चौकातलं डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक मला नेहमी आठवतं. १९१० साली आमच्या या गावात जन्मलेला माणूस, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथं जाऊन चिनी बोलायला-लिहायला शिकला, त्याच भाषेत शिकवायलाही लागला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेला. दर जयंतीला आपण त्यांच्या त्यागाबद्दल बोलतो. त्यांनी रुग्णांची भाषा शिकून घेतली, याबद्दल फारसं बोलत नाही. सोलापुरात कामाला येणाऱ्या डॉक्टर-सिस्टरांना कुठं दुखतं, कधीपासून, आधी काय औषध घेतलं, ही दहा वाक्यं तेलुगू-कन्नडमधून शिकवायला एक दुपार पुरेल. मला हे अगदी कळकळीनं वाटतं.

अकराच्या सुमाराला एका पंचविशीतल्या पोराला आणलं. मोटारसायकल घसरलेली, शर्ट रक्तानं भिजलेला. तो आमच्यानंतर दोन तासांनी आला आणि सरळ आत गेला. बाकावर कुजबुज सुरू झाली. मोहोळकडचे एक गृहस्थ पोटात दुखणाऱ्या बायकोला घेऊन आठपासून बसले होते. ते उठून खिडकीशी गेले आणि वरच्या आवाजात म्हणाले, "वशिला लागतो का इथं?" आतून उत्तर आलं, "थांबा."

वशिला नव्हता. आधी आला तो आधी, हा हिशोब रेशनच्या दुकानात चालतो, कॅज्युअल्टीत चालत नाही. इथं निवड करतात. तिला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, निवडणे-वेचणे याच अर्थाचा. नेपोलियनच्या फौजेतला शल्यचिकित्सक डोमिनिक लारे यानं रणांगणावर नियम घातला, की जखमी शिपाई आहे की सरदार हे बघायचं नाही, कुणाची जखम जास्त जिवावरची तेवढंच बघायचं. दोनशे वर्षं झाली त्याला. आज लाल, पिवळा, हिरवा असे रंग देतात: लाल म्हणजे या क्षणी, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकतो. गरीब-श्रीमंत न बघणारी इतकी न्यायाची पद्धत दुसऱ्या कुठल्या खात्यात असेल असं मला वाटत नाही. मोहोळच्या त्या माणसाला जर कुणी म्हटलं असतं, "दादा, त्या पोराचं रक्त थांबत नाही म्हणून त्याला आधी घेतलं, वहिनींची नाडी आणि बीपी चांगलं आहे, त्यानंतर तुम्हीच," तर तो खाली बसला असता. त्याच्या जागी मीही बसले असते. तो न्याय आमच्या डोळ्यांसमोर होत होता आणि कुणी सांगितलं नाही म्हणून आम्हाला तो अन्याय दिसत होता.

अकरा वीसला त्या नवरा-बायकोनं कुठल्याशा कागदावर सही केली आणि गेले. तिथल्या भाषेत त्याला डामा घेणं म्हणतात, डॉक्टरांचा सल्ला नाकारून स्वतःच्या जबाबदारीवर जाणं. त्या बाई कमरेत वाकून चालत होत्या. पुढं त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही.

त्यांना जाताना पाहिलं आणि अण्णा म्हणाले, "चल."

"अण्णा, डॉक्टर थांबा म्हणालेत."

"दुखायचं थांबलंय माझं. अडीच तास झाले. काय असतं तर आतापावेतो सांगितलं असतं की. चल, तुझीबी झोप मोडतीय."

मला त्यांचं म्हणणं पटलं. हे लिहिताना आजही पोटात खड्डा पडतो, पण खरं तेच आहे. जबडा ठणकायचा थांबला होता, घाम आटला होता, तोंडावर रंग आला होता. काही गंभीर असतं तर इतका वेळ बाकावर बसवून ठेवलं असतं का, असं मीही मनाशी म्हटलं. अम्मांना अण्णांनी "येतो" म्हणून सांगितलं. आम्ही चपला घातल्या आणि दाराकडं निघालो. कुणी अडवलं नाही. डॉक्टर आत टाके घालत होते.

दारातून बाहेर पाऊल टाकणार तेवढ्यात बादली घेऊन येणाऱ्या एका मावशींनी अण्णांच्या हाताकडं पाहिलं.

"हातात सुई घेऊन कुठं निघालाव, काका?"

खरंच, सुई तशीच होती, वर पांढरी चिकटपट्टी. आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती.

"घरी," अण्णा म्हणाले. "बरं वाटतंय आता."

"दुसरं रक्त झालं का?"

"कसलं दुसरं रक्त?" मी विचारलं.

मावशींनी बादली खाली ठेवली. "छातीचं असलं की दोनदा घेतात, ताई. पयलं आल्या आल्या आन दुसरं तीन तासांनी. पयल्यात कधी कधी घावत न्हाई म्हणत्यात. त्यासाठीच बसवलंय की तुमास्नी. सांगितलं न्हाई का कुणी?"

आम्ही परत फिरलो.

मावशी जे एका दमात बोलल्या ते मी नंतर डॉक्टरांकडून समजून घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातून ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. पण ते लगेच सापडण्याइतकं नसतं, वाढायला काही तास लागतात. दुखायला लागल्यावर माणूस लवकर आला तर पहिली तपासणी साफ येऊ शकते आणि ईसीजीही साधा दिसू शकतो. म्हणून काही तासांनी पुन्हा रक्त घेऊन दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे असतात. काही ठिकाणी आता त्याहून जास्त बारीक तपासणी करणारी किट आहेत, त्यांत हे अंतर एक-दोन तासांवर आलंय. आमच्याकडं तीन तासांचं होतं. म्हणजे त्या बाकावरचे ते तीन तास हेच उपचाराचं काम चाललेलं होतं. कुणी आम्हाला विसरलेलं नव्हतं. थांबवण्यामागं इतकं नेमकं, इतकं शहाणपणाचं कारण होतं, आणि ते आम्हाला फरशी पुसणाऱ्या मावशींकडून कळलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी दुसरं रक्त घेतलं. सव्वा वाजता तेच तरुण डॉक्टर स्वतः बाहेर आले. चेहरा ओढलेला, डोळे लाल. आमच्यासमोर गुडघ्यावर बसले, कारण बाकावर जागा नव्हती. "काका, पहिला रिपोर्ट नॉर्मल होता. दुसऱ्यात आकडा वाढलाय. छोटा झटका आहे. तुम्हाला वर आयसीयूत नेतोय, सकाळी मोठे डॉक्टर बघतील, अँजिओग्राफी करावी लागेल. आत्ता धोका मोठा नाही, पण घरी गेला असतात तर झाला असता."

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "डॉक्टर, मी जॉबर होतो. माग बंद पडला की विणकर टेकीला येतो. त्याची मजुरी नगावर, माग थांबला की पोट थांबलं. तेव्हा जॉबरनं आधी त्याला दोन गोष्टी सांगायच्या असतात. काय मोडलंय आन किती वेळ लागंल. पिकर तुटलाय, अर्धा तास लागंल, जा चहा पिऊन ये. एवढं सांगितलं की तो माणूस निवांत बसतो. न सांगता नुसता मागाखाली घुसलो की तो डोक्यावर उभा राहतो, मालकाकडं जातो, न्हाई तर दुसरा कारखाना बघतो. हत्यार हातात घ्यायच्या आधी सांगायचं, असं आमच्या वस्तादानं शिकवलं होतं मला."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. "चुकलं काका," म्हणाले. "नऊ वाजताच सांगायला पाहिजे होतं."

मला त्या मुलाचा राग येईना. नऊ ते सव्वा मी त्याला पाहत होते. तो एकदाही बसला नव्हता. पाण्याची बाटली टेबलावर ठेवून गेला तशीच होती. काल सकाळपासून ड्यूटीवर असल्याचं त्यानं नंतर सांगितलं. निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ४८ च्या वर जाऊ नयेत असं केंद्राच्या १९९२ च्या योजनेत लिहिलेलं आहे, आणि तीस-तीस तास जागे असलेले तरुण डॉक्टर आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहेत. माणसं वाढवली पाहिजेत, खाटा वाढवल्या पाहिजेत, यात वादच नाही.

पण वेळ नव्हता म्हणून सांगितलं नाही, हे मला पुरतं पटत नाही, आणि ते मी इथं स्पष्टच लिहिते. 'थांबा' म्हणायला लागतो त्याच्या दुप्पट वेळात 'बाराला पुन्हा रक्त घ्यायचंय, तोवर उठू नका' म्हणून होतं. मी चार तासांत खिडकीशी सात वेळा गेले. ती सात उत्तरं देण्यात जो वेळ गेला त्यात पहिल्यांदाच सगळं समजावून झालं असतं आणि सातातले सहा हेलपाटे वाचले असते. आपल्याकडं सांगणं हे शिष्टाचारात मोजतात. वेळ उरला तर करायची गोष्ट. डॉक्टरला टाके घालायला शिकवतात, सुई शोधायला शिकवतात, वाईट बातमी कशी सांगायची हेही आता शिकवतात म्हणे. पण बातमी येईपर्यंतच्या वेळात काय सांगायचं, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. त्या रात्री न सांगितल्यामुळं उपचारच वाया जाणार होता. ईसीजी वेळेत निघाला, गोळी वेळेत दिली, रक्त वेळेत घेतलं, आणि एका वाक्यावाचून पेशंट दारातून बाहेर चालला होता.

कायद्यानं दार उघडून दिलेलं आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अपघातातल्या जखमीचा जीव वाचवायचं काम आधी, पोलिसांचे कागद नंतर, आणि हे सरकारी-खासगी दोघांनाही लागू. १९९६ साली त्याच न्यायालयानं पश्चिम बंगाल सरकारला रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख नावाच्या मजुराला भरपाई द्यायला लावली, कारण एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. तातडीचा उपचार न मिळणं म्हणजे जगण्याचा हक्क मोडणं, हे तिथं लिहिलं गेलं. पुढं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्ण हक्कांची सनद तयार केली, २०१८ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं तिचा मसुदा लोकांपुढं ठेवला, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रानं शुश्रूषागृहांच्या नियमांत तिला जागा दिली. दारातून आत घेणं आता कुणाला टाळता येत नाही. आत घेतल्यावर बाकावर बसलेल्या माणसाशी कोण बोलणार, हे मात्र अजून त्या एका मावशीच्या चांगुलपणावर आहे.

तिथं एक माणूस हवा. डॉक्टरच असायला हवा असं नाही. दर अर्ध्या तासानं बाकावरून फिरून, प्रत्येकाच्या केसपेपरवर बघून, तुमचं काय राहिलंय आणि अंदाजे किती वाजतील एवढं सांगणारा. शक्य तर त्याच्या भाषेत. आणि उशीर होणार असेल तर उशीर होणार म्हणून सांगणारा. इतकी मोठी यंत्रं येतात, त्यांच्यापुढं हा एक पगार काय आहे?

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, स्टेंट बसला. ते सगळं नीट पार पडलं, आणि वरच्या मजल्यावर लोक बोलतही होते.

पण त्याआधी, सकाळी सातला, आयसीयूच्या खिडकीतून अण्णांनी मला पहिला प्रश्न विचारला तो स्वतःचा नव्हता.

"ती अम्मा कुठंय?"

मी खाली गेले. बाक भरलेला होता, सगळे चेहरे नवे. खिडकीवरचा माणूसही बदललेला. "पेशंटचं नाव?" मला नाव ठाऊक नव्हतं. "नातेवाईक का?" नाही म्हटलं. "मग नाही सांगता येणार." त्याचं बरोबर होतं, कुणाच्याही आजाराची माहिती कुणालाही द्यायची नसते. मी तशीच उभी राहिले. जिन्याखाली रात्रीच्या मावशी पिशवीत डबा भरत होत्या, त्यांची ड्यूटी संपत आली होती.

"त्या तेलुगू आजी होय? पहाटं वरती नेलं की बायकांच्या वॉर्डात. ल्योक हाय संगं. दम कमी हाय आता, चहा पिली मगाशी."

मी जिना चढून आले आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, मग एकेक विचारायला लागले. कितव्या मजल्यावर? खाट मिळाली का खाली टाकलंय? पंप लिहून दिला का नवीन? त्या इंजेक्शनाचं सांगितलेलं कागदावर चढवलं का?

शेवटचं मी विचारलं नव्हतं. परत खाली गेले.